रणरागिणींचा डिजिटल बोर्ड

आमच्या कामाचा पहिला नियम असा होता की रस्त्यात कुणाला ओळख द्यायची नाही. पुण्यात हा नियम पाळणं सोपं असेल, कोल्हापुरात पाळून दाखवा! इथं माणूस रस्त्याच्या पलीकडून "काय पावणं, कुठं निघाला?" म्हणून ओरडतो, आणि तुम्ही न बघता पुढं गेलात तर "लई शाणी झाली ही" हेही तितक्याच मोठ्यानं बोलतो. पण मी एड्स प्रतिबंधाचं काम करते हे बऱ्याच जणांना ठाऊक होतं. मी ज्याच्याशी बोलत उभी राहीन त्याच्याकडं चार माणसं वळून बघणार आणि घरी जाऊन बोलणार. म्हणून मंडईत, स्टँडवर, लग्नाच्या मांडवात मी अनोळखी बाईसारखी वावरायची. ज्यांना मी स्वतः सरकारी दवाखान्यात घेऊन गेले होते, त्यांच्या अंगावरूनही तशीच निघून जायची. माझ्या आईला हे अजिबात पटायचं नाही. आमचं इचलकरंजीजवळचं जैन शेतकऱ्याचं घर. "कामाचं नाव चारचौघांत सांगायची सोय न्हाय, आन वर शिष्ट म्हणून बदनामी," असं ती ज्याला त्याला ऐकवायची.

संस्था लहानशी होती. शाहूपुरीत दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्या, दारावर 'आरोग्य सल्ला केंद्र' एवढीच पाटी. मार्केट यार्डात गूळ न्यायला येणारे ट्रक ड्रायव्हर, क्लीनर आणि तिथले हमाल यांच्यात आम्ही काम करायचो. निरोध वाटायचे, आजाराबद्दल सांगायचं, तपासणीला पाठवायचं, आणि ज्यांना लागण झालेली आहे त्यांच्या गोळ्या चुकू नयेत म्हणून हात धुऊन मागं लागायचं. पैसा परदेशातल्या एका संस्थेकडून यायचा, तोही एकेका वर्षाच्या बोलीवर. वर्ष संपत आलं की त्यांची माणसं पाहणीला यायची, आणि पुढचं वर्ष मिळणार की नाही ते त्यावर ठरायचं.

पैसे देणाऱ्यांबद्दल मी वाईट बोलणार नाही. त्यांच्या पैशामुळं जिवंत राहिलेली माणसं मी डोळ्यांनी बघितली आहेत. पण त्यांना दर वेळी काहीतरी बघायचं असायचं. काय केलंत ते दाखवा, फोटो पाठवा, कुणीतरी पुढं येऊन आपली गोष्ट सांगू दे. आता आमचं काम म्हणजे काय, तर एखाद्याला लागण न होणं. न झालेल्या गोष्टीचा फोटो कसा काढायचा हे मला अजून कुणी सांगितलेलं नाही. मीटिंगमध्ये मी हे विचारलं की सगळे हसायचे आणि पुढच्या मुद्द्यावर जायचे. माझं डोकं तिथंच फिरायचं.

यार्डाच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या शेडमध्ये एक खाणावळ होती, अजून आहे. ती चालवणारी बाई वयानं माझ्याहून लहान, पण सगळे ड्रायव्हर तिला मावशी म्हणायचे म्हणून मीही मावशीच म्हणायची. ती मुरगूडकडची. नवरा ट्रकवर होता, तो वाळत वाळत गेला. त्याला काय झालं होतं ते तिला तो गेल्यावर, स्वतःच्या तपासणीत कळलं. मुलगी सुखरूप होती. मावशी रोजची गोळी न चुकता घ्यायची आणि तिची तब्येत माझ्यापेक्षा ठणठणीत होती. तिच्या हातचं खाऊन कुणाला काही होत नाही, हे मला माहीत होतं आणि दवाखान्यातल्यांना माहीत होतं. पण यार्डात ही गोष्ट फुटली असती, तर दुसऱ्या दिवशी त्या शेडमध्ये एक माणूस जेवायला बसला नसता. मग वारणानगरला शिकणाऱ्या तिच्या मुलीचं कॉलेज आणि हॉस्टेल दोन्ही संपलं असतं. म्हणून ही गोष्ट ती, मी आणि दवाखाना यांच्या पलीकडं गेली नव्हती.

तरीही ती आमचं काम करायची, आणि आमच्यातल्या सगळ्यांपेक्षा जास्त करायची. तिची एक पद्धत होती. खाणावळीत जेवण झालं की ताटं ती स्वतः उचलायची. पण ज्याला काही विचारायचं असेल त्यानं आपलं ताट आपण उचलून मागं मोरीपाशी यायचं. तिथं ताट घासता घासता हळू आवाजात बोलणं व्हायचं. बघणाऱ्याला वाटावं, मावशीनं बिचाऱ्याला कामाला लावलंय. ड्रायव्हर लोकांत हे आपोआप पसरलं होतं. गुजरातेतून पहिल्यांदाच आलेला माणूससुद्धा जेवण झाल्यावर जरा इकडंतिकडं बघायचा आणि ताट घेऊन उठायचा.

त्या दिवशी निधी देणाऱ्या संस्थेची परदेशी बाई आणि तिच्यासोबत पुण्याचा एक सल्लागार पाहणीला यायचे होते. मी सकाळी ऑफिसात सतरंज्या झटकत होते, तेवढ्यात मावशीचा फोन आला. ती कधी फोनवर बोलायची नाही, काही असलं तर नुसता मिस कॉल द्यायची.

"अक्का, यार्डाच्या गेटवर या. माझा फोटो लागलाय."

"कसला फोटो?"

"डिजिटल हाय. खाली एड्सचं लिवलंय." मागं ट्रकचे हॉर्न वाजत होते. मग ती म्हणाली, "दुपारी कोण जेवाय आलं न्हाय तर मी काय करू, अक्का?"

मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हटलं की मी निघाले, सगळं नीट होईल. ती म्हणाली, "शेवटची पंगत उठली की मिस कॉल देतो. न्हाय आला तर समजून घ्या." आणि फोन ठेवला.

स्कूटर कशी चालवली ते मला आठवत नाही. गेटपाशी पोचले आणि बघतच राहिले. फ्लेक्सच्या कापडाचा तो बोर्ड गेटच्या कमानीएवढा रुंद होता. वर हात जोडलेले पुढारी, त्यांच्या शेजारी तिथल्या तालमीच्या तरुण मंडळाचा अध्यक्ष, गॉगल लावून. मध्ये ठळक अक्षरांत 'परदेशी पाहुण्यांचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत'. त्याखाली एका रांगेत आमचे चेहरे: मी, आमची समुपदेशक, आमची नर्स आणि टोकाला मावशी. सगळ्यात खाली लाल फितीचं भलंमोठं चित्र आणि 'एड्सला गाडायला निघालेल्या आमच्या रणरागिणी'.

मावशीचा फोटो फार सुंदर आला होता. तो संक्रांतीच्या हळदीकुंकवातला होता. आमच्या ऑफिसातल्या हळदीकुंकवाला विधवा-सवाष्ण असला भेद नसायचा. ती त्या दिवशी काठापदराची साडी नेसून आली होती आणि नर्सनं बळेबळे तिच्या केसांत गजरा माळला होता. त्या कार्यक्रमाला मंडप आणि खुर्च्या याच अध्यक्षानं दिल्या होत्या, आणि सगळ्यांचा एकत्र फोटो त्यानंच आपल्या मोबाइलवर काढला होता. त्यातला एकेक चेहरा कापून त्यानं बोर्डावर चढवला होता. कुणाला विचारायचं त्याच्या मनातही आलं नसणार. कोल्हापुरात कुणाचा फोटो बोर्डावर लावायचा तर त्याला विचारतात थोडंच? उलट राहिला तर माणसं रुसतात.

यार्डात गुळाचे सौदे सुरू होते. गाड्यांची रांग लागली होती, आणि आत जाणारा प्रत्येक ड्रायव्हर पावती घ्यायला नेमका त्या बोर्डाखाली थांबत होता. काही जण मान वर करून बघत होते. एकानं क्लीनरला कोपरानं ढोसून वर बोट दाखवलं. ते बोट पुढाऱ्याकडं होतं की मावशीकडं, मला कळेना. मावशीचा नवरा कसा गेला हे यार्डातले लोक विसरून गेले होते. तिचा चेहरा आणि एड्स हा शब्द एकत्र बघितल्यावर त्यांना ते आठवायला किती वेळ लागणार होता?

अध्यक्ष बोर्डाखालीच उभा होता, हार आणि फेट्यांची ताटं सांभाळत. मला बघून त्याचा चेहरा फुलला.

"मॅडम! कसा झालाय? सरप्राइज हुतं तुमास्नी."

"दादा, हा उतरवा. आत्ताच्या आत्ता."

"उतरवा?" त्याला आधी मी गंमत करते आहे असं वाटलं. "का वो? तुमचा फोटो चांगला आला न्हाय व्हय?"

"आमच्या कामात फोटो चालत नाहीत."

"काय तर बोलताय मॅडम! इतकी वर्सं बघतोय, तुमी चोरागत काम करताय. काय चोरी केलीया का दरोडा घातलाय? गल्लीतल्या शेंबड्याच्या वाढदिवसाला डिजिटल लागतंय, आन ह्या बायका माणसं वाचवत्यात, त्यांचा एक फोटो न्हाय कुठं! म्हणून माझ्या खिशातनं केलंय. मंडळाचा एक रुपाया घेतला न्हाय."

माणूस मनापासून बोलत होता, आणि त्याचं म्हणणं चूक आहे असं मला छातीवर हात ठेवून सांगता आलं नसतं. वाईट हेतूनं लावलेला बोर्ड मी भांडून उतरवला असता. भांडायला मी कुणाच्या बापाला भीत नाही. पण प्रेमानं लावलेल्या बोर्डाचं काय करायचं? खरं कारण सांगायची सोय नव्हती. नुसता टोकाचा फोटो झाका म्हटलं असतं, तर "मावशीचाच का?" हा प्रश्न पाच-पन्नास माणसांच्या देखत आला असता. आणि अध्यक्ष कितीही भला असला तरी त्याच्या पोटात काही राहत नव्हतं. उतरायचा तर सगळा बोर्ड उतरायला हवा होता.

"आन त्यावर सायबांचा फोटो हाय," तो आवाज खाली आणून म्हणाला. "पावणं यायच्या आत सायबांचा डिजिटल उतरवला म्हटल्यावर राडा हुईल. मला तालमीत तोंड दाखवाय जागा ऱ्हाणार न्हाय."

ते मात्र खरं होतं. इथं पुढाऱ्याचा बोर्ड फाटला म्हणून दुकानं बंद झालेली मी बघितली आहेत.

तेवढ्यात समोरच्या चहाच्या गाड्यापाशी मला मावशी दिसली. भाजीची पिशवी हातात, पदर कपाळापर्यंत ओढलेला. ती बोर्डाकडं बघत होती, माझ्याकडं नाही. नियमाप्रमाणं मीही तिच्याकडं बघितलं नाही. मला पळत जाऊन तिचा हात धरावासा वाटत होता, आणि तेवढीच एक गोष्ट मला करता येत नव्हती. थोड्या वेळानं ती वळली आणि शेडकडं चालू लागली, कारण दुपारच्या भाकऱ्या व्हायच्या होत्या.

मी अध्यक्षाला पुन्हा समजवायला लागले, आणि पाहुण्यांची गाडी येऊन उभी राहिली.

परदेशी बाई वयस्क होती, पांढरे केस, अंगात खादीचा कुर्ता. भली बाई होती, हे मी आजही म्हणेन. मंडळाच्या लोकांनी तिला हार घातला, फेटा बांधला, सल्लागारालाही बांधला. फेटा सावरत तिनं मान वर केली आणि बोर्ड बघून तिनं दोन्ही हात छातीशी नेले. या बायका कोण, असं तिनं मला विचारलं. मी म्हटलं, आमच्याच. मग ती भरभरून बोलायला लागली. आम्ही इतकी वर्षं हेच सांगतोय, लोकांनी उजेडात यायला हवं, कुठल्याच देशात मी असं बघितलं नाही. या सगळ्या बायकांना बोलवा, मला त्यांच्यासोबत या बोर्डाखाली फोटो हवा आहे. अहवालाच्या पहिल्या पानावर तोच असेल. असं म्हणून ती सल्लागाराकडं बघून हसली. अहवालाच्या पहिल्या पानावर म्हणजे पुढचं वर्ष नक्की, हे मला न सांगता कळलं.

अध्यक्ष माझ्या तोंडाकडं बघत होता. "काय म्हणत्यात पावण्या बाई?"

त्या दोघांच्या मध्ये मी एकटी उभी होते. तिला मराठी येत नव्हतं, त्याला इंग्रजी येत नव्हतं. मागं रांगेतला ट्रक हॉर्न वाजवत होता. मी तोंड उघडलं आणि म्हणाले, "बाई म्हणतात, स्वागत फार छान केलंत. पण चेहरे असलेला बोर्ड त्यांच्या नियमात बसत नाही. हा असाच राहिला तर निधी बंद. लगेच उतरवा म्हणतात."

अध्यक्षानं बाईकडं बघितलं. "हसत्यात की वो त्या!"

"त्यांच्याकडं रागावलं तरी हसूनच बोलतात."

हे मला कुठून सुचलं, देव जाणे. पण ते बोलून झालं आणि मला आठवलं, सल्लागार पुण्याचा होता. मघाशी गाडीतून उतरताना तो फोनवर कुणाशी तरी मराठीतच बोलत होता. त्यानं मान वळवून माझ्याकडं बघितलं. फेटा त्याच्या एका कानावर घसरला होता. त्यानं बाईच्या कानाशी एक वाक्य बोलायची खोटी, की मी बाईच्या नजरेतून उतरले असते, अध्यक्षाच्या नजरेतून उतरले असते, आणि बोर्ड आपल्या जागी राहिला असता. हात जोडावेत तर सगळे बघतायत. मी नुसती त्याच्याकडं बघत राहिले.

तो वर बोर्डाकडं बघायला लागला. एका चेहऱ्यावरून दुसऱ्या चेहऱ्यावर, शेवटपर्यंत, कुठंही न थांबता. मग त्यानं मान खाली घातली आणि आपला फेटा घट्ट करायला घेतला.

"निधी बंद म्हंजे ह्या बायकांचं काम बी बंद?" अध्यक्षानं विचारलं.

"हो."

गॉगल काढून त्यानं खिशात ठेवला. "मग सायबांस्नी मी समजावतो. चढा रे वर! दोऱ्या सोडा. पर खाली पडू दिऊ नका, सायबांचा फोटो पायदळी आला न्हाय पायजे."

मंडळाचे दोन कार्यकर्ते कमानीवर चढले. बाई गोंधळली. हे काय चाललंय, का उतरवतायत, असं ती मला विचारायला लागली, आणि माझ्याकडचं खोटं संपलं होतं. तेव्हा सल्लागार पहिल्यांदा बोलला. त्यानं तिला सांगितलं की बोर्डाला महापालिकेची परवानगी मिळालेली नाही, दंड होईल म्हणून काढतायत. बाई हळहळली. मग निदान एक फोटो तरी, म्हणून तिनं मोबाइल वर केला. मी सरळ तिच्या दंडाला धरलं, ऊन फार आहे, चक्कर येईल, असं म्हणत सख्ख्या मावशीला न्यावं तशी तिला गाडीकडं ओढत नेलं. मागं वळून बघितलं तेव्हा बोर्डाचं एक टोक सुटून खाली लोंबत होतं, आणि त्या टोकाचा चेहरा घडीत गेला होता.

गाडीत बाई पुढं बसली. सल्लागार माझ्या शेजारी. बऱ्याच वेळानं तो मराठीत, अगदी हळू म्हणाला, "त्यातली कोण, ते नाव मला सांगू नका."

"नाही सांगणार."

"पण अहवालात मला जे दिसलं तेच लिहिता येतं. जे दिसलं नाही ते नाही."

"मला माहीत आहे," मी म्हटलं.

दुपारचं जेवण स्टेशनजवळच्या एका हॉटेलात ठरलं होतं. मावशीच्या खाणावळीत पाहुण्यांना नेणं म्हणजे आणखी एक बोर्ड लावण्यासारखंच झालं असतं. मी मोबाइल ताटाशेजारी ठेवला आणि त्याच्याकडं बघत बसले. बाई विचारत होती, ड्रायव्हरांच्या वागण्यात काय फरक पडला, त्यांची बायको-मुलं कुठं असतात, सरकारी दवाखान्यातून गोळ्या वेळेवर मिळतात का. मी उत्तरं देत होते. डोळ्यांसमोर मात्र ती शेड होती, एका रांगेत मांडलेली रिकामी ताटं आणि टोपलीत झाकून ठेवलेल्या भाकऱ्या. एकदा मोबाइल वाजला आणि मी झडप घातली. आई होती. मी फोन कापला. बाई म्हणाली, काही अडचण आहे का? मी म्हटलं, नाही. भात थंड होऊन त्याचा गोळा झाला होता आणि माझ्यानं घास गिळवत नव्हता. जेवणाची वेळ टळून गेली. हॉटेलातली बाकीची टेबलं रिकामी झाली. सल्लागारानं माझ्या मोबाइलकडं एकदा बघितलं आणि उगाचच आणखी एक कॉफी मागवली.

मग स्क्रीन उजळली. एक रिंग, आणि बंद.

मी तो थंड भात, ती आमटी, समोर होतं नव्हतं ते सगळं खाल्लं. बाई कौतुकानं म्हणाली की तुम्हाला फार भूक लागली होती.

झालं होतं असं. पंगतीत एका हमालानं मावशीला सगळ्यांच्या देखत विचारलं होतं, "मावशी, गेटवर तुमचा फोटो कसा वो?" आणि तिनं भाकरी वाढता वाढता उत्तर दिलं होतं, "हळदीकुंकवाला गेलतो, तिथं काढला त्या अध्यक्षानं. मला काय इचारून लावतोय व्हय तो?" त्यावर सगळे हसले, कारण अध्यक्षाची ही खोड यार्डात सगळ्यांना माहीत होती. दोन जुनी गिऱ्हाइकं मात्र त्या दिवसानंतर आली नाहीत. ती बोर्डामुळं आली नाहीत की त्यांच्या गाड्यांचा मार्ग बदलला, हे तिला कधी कळलं नाही. तिनं विचारलंही नाही.

संध्याकाळी ऑफिसात बाईनं आणखी एकदा विचारलं, लागण झालेली एखादी बाई माझ्याशी बोलेल का? दुसऱ्या ठिकाणी त्या स्वतःहून पुढं येतात. मी म्हटलं, आमच्याकडं येत नाहीत. तिनं मान हलवली. मला तिचा राग आला, आणि राग येण्यासारखं तिनं काही केलेलं नव्हतं, म्हणून आणखी राग आला.

अहवाल आला तो उन्हाळ्याच्या तोंडावर. त्यात आमच्याबद्दल चांगलंच लिहिलं होतं. कर्मचारी तळमळीचे, नोंदी व्यवस्थित. पण लोकसहभाग दिसून येत नाही, असं एक वाक्य होतं, आणि मोजका निधी जिथं तो दिसतो तिथं वळवावा, असं त्याखालचं वाक्य. सल्लागारानं दिलेला शब्द तंतोतंत पाळला होता. मी अहवाल मिटला आणि ऑफिसातल्या चहाच्या ओट्यापाशी उभी राहून हमसून हमसून रडले. नर्सला एका खाजगी दवाखान्यात नोकरी लागली, समुपदेशक सांगलीला गेली. खोल्या सोडताना दारावरची पाटी मी स्वतः उचकटली. आता मी एका शाळेच्या ऑफिसात बसते. माझ्या आईला कामाचं नाव चारचौघांत सांगता येतं.

तो बोर्ड मात्र अजून आहे.

मे महिन्यात एकदा दुपारची मी मावशीकडं जेवायला गेले. आता मला कुणी एड्सवाली म्हणणार नव्हतं, तेव्हा उजळ माथ्यानं जायला हरकत नव्हती. तिनं माझ्यासाठी कांदा-लसणाशिवायची भाजी वेगळी काढून ठेवली होती. आत शिरले तर शेड नेहमीसारखी भट्टीगत तापलेली नव्हती, जरा गार वाटत होतं. वर बघितलं. पत्र्याखाली तो बोर्ड ताणून बांधला होता.

"अध्यक्षानं दिला," मावशी म्हणाली. "म्हणला, मानाचा हाय, वाया कशाला घालवायचा. पांढरी बाजू पत्र्याकडं केलीया, त्यानं ऊन कमी लागतंय."

म्हणजे छापील बाजू खाली, जेवणाऱ्यांच्या डोक्यावर. पुढाऱ्यांचे जोडलेले हात चुलीच्या धुरानं काळे पडायला लागले होते. 'परदेशी पाहुण्यांचे करवीरनगरीत सहर्ष स्वागत' याच्याखाली परराज्यातले ड्रायव्हर निवांत भाकरी मोडत होते. खालची पट्टी, लाल फीत आणि एड्सचा मजकूर, कात्रीनं सरळ कापून टाकली होती.

"ते चुलीत घातलं," ती म्हणाली. "दिवसभर घाण वास सुटला हुता."

पण चेहऱ्यांची रांग जशीच्या तशी होती. मी, समुपदेशक, नर्स आणि टोकाला काठापदराच्या साडीतली, गजरा माळलेली मावशी. ज्या चेहऱ्यापायी मी सगळ्यांशी खोटं बोलले, ज्याच्यापायी संस्था गेली, तो रोज दोन्ही पंगतींच्या डोक्यावर.

"मावशी, फोटो तेवढा कापायचा राहिला का?"

"ऱ्हायला न्हाय. ठेवलाय." ती तव्यावरची भाकरी उलटत होती. "माझा दुसरा फोटो हाय कुठं, अक्का? लग्नातला एक हुता, त्यो सासू घिऊन गेली. आधारकार्डावर बघाल तर भूत दिसतोय. उद्या मी गेलो तर पोरीनं भितीला काय लावायचं?" मग वर बघून हसली. "गजरा बी हाय की."

माझ्या शेजारच्या रांगेतला एक ड्रायव्हर जेवण उरकून तसाच बसून राहिला होता. त्यानं एकदा दाराकडं बघितलं, एकदा मावशीकडं, आणि आपलं ताट उचललं.

मावशीनं हात पदराला पुसले. "अक्का, जरा सरका. वाट द्या त्यांस्नी."

मी चटई ओढून भिंतीला लागले. तो ताट घेऊन माझ्या अंगावरून मोरीकडं गेला, आणि जुन्या सवयीनं मी त्याच्या चेहऱ्याकडं बघितलं नाही.